मागच्या सीटवरचा धूर

साशंक : मूल गाडीत असताना विडी-सिगारेट ओढायला कायद्याने बंदी करा, असे तुम्ही म्हणता. त्याला उघड विरोध कोण करणार? पण हा कायदा नेमक्या कोणत्या मुलासाठी मागता आहात, ते आधी पाहू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरांतल्या जेमतेम आठ घरांकडे मोटार होती. आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, आणि दर तालुक्याची तऱ्हा निराळी. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवरचे मूल शाळेत पायी जाते, नाहीतर एसटीने. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे ऊसतोड कामगारांचे मूल हंगाम लागला की ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या बोचक्यांवर बसून कारखान्याकडे निघते. बापाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसलेली मुले तर कुठल्याही रस्त्यावर दिसतात. यांतल्या एकालाही तुमचा कायदा शिवत नाही. दुसरे असे की, आपल्याकडची तंबाखू मुख्यतः धुरात नाहीच. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले. तंबाखू मळून खाणारे, मिश्री लावणारे, गुटखा चघळणारे २४.४ टक्के. नगरच्या टपऱ्यांवर जोर माव्याचा आहे. जिथे घरटी मोटार आहे आणि व्यसन म्हणजे प्रामुख्याने सिगारेट आहे, अशा इंग्लंडातला कायदा उचलून इथे आणला, तर तो कोणाच्या उपयोगी पडणार? मला भीती वाटते ती अशी की सुखवस्तू घरांचे समाधान होईल आणि तंबाखूने ज्यांचे खरोखर वाटोळे होते त्यांच्यावरची नजर आणखी हटेल.

आग्रही : आकडे तुम्ही बरोबर दिलेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ३.८ टक्के ओढणाऱ्यांत बहुतेक पुरुष आहेत, आणि गाडी चालवणारेही बहुतेक पुरुषच. त्यांची गाडी एकट्याने चालत नाही. शिर्डीला, शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या पाहा, लग्नसराईतल्या पाहा, दवाखान्यासाठी तालुक्याहून नगरला येणाऱ्या पाहा. पाच जणांच्या गाडीत सात-आठ बसतात आणि मुले कोणाच्या तरी मांडीवर असतात. ओढणारा एक, आणि धूर घेणारे बाकी सगळे. संख्या थोडी म्हणून संरक्षण नको, हा न्याय आपण एरवी लावत नाही. कमी मुले विहिरीत पडतात म्हणून विहिरीला कठडा नको, असे कोणी म्हणत नाही. राहिला धुराचा प्रश्न. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीच्या वापरातल्या गाड्यांत यंत्रे ठेवून १०४ प्रवासांतली हवा मोजली. ज्या प्रवासांत कोणी सिगारेट ओढली नाही, तिथे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला सरासरी ७.४ मायक्रोग्रॅम होते. जिथे ओढली, तिथे ८५. त्या ओढणाऱ्यांनी काच खाली केली होती, तरीही. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ६० ही मर्यादा ठरवलेली आहे. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेते, मोठा माणूस बारा ते वीस. बाळाच्या श्वासनलिका अरुंद, फुप्फुसे अजून घडत असलेली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले की दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही. मोटारीत ही मात्रा सर्वांत दाट होते, कारण जागा सर्वांत लहान असते. त्यात नगरचा एप्रिल-मे म्हटला की काचा वर आणि एसी चालू.

साशंक : दाट होते हे मान्य, पण किती दाट, यावर तुमच्या बाजूच्या लोकांनी पूर्वी काय केले ते विसरू नका. गाडीतला धूर दारूच्या गुत्त्यातल्या धुरापेक्षा तेवीस पट विषारी असतो, हे वाक्य जगभर फिरले. वर्तमानपत्रांनी ते छापले, कायदेमंडळांत ते बोलले गेले. मुळाशी जाऊन पाहिले तेव्हा त्याला आधार देणारा अभ्यासच सापडेना. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०११ साली तो आकडा वापरला आणि काही दिवसांतच तो मागे घेऊन अकरा पट असा बदल केला. कारण चांगले असले की पुराव्याची काटेकोरी सैल करायची, ही सवय मला धोक्याची वाटते, विशेषतः त्या पुराव्याच्या जोरावर शिक्षा ठरवायची असेल तेव्हा. तुम्ही दिलेले ८५ आणि ६० हे आकडेही एका मापाचे नाहीत. एक आकडा एका प्रवासाचा, दुसरा अख्ख्या दिवसाचा. मूल गाडीत अर्धा तास, फार तर दोन तास असते. घरात सोळा-अठरा तास. त्याच २०१६–१७ च्या सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी घरातच दुसऱ्याचा धूर नाकात जातो असे सांगितले. मोठ्यांची ही गत, तर त्याच घरातल्या मुलांची वेगळी असेल का? दोन खणांच्या खोलीत, चुलीच्या धुरात भर घालून बाप किंवा आजा विडी ओढतो, तिथे कायदा मुका राहणार आणि चारचाकीच्या काचेवर टकटक करणार. मुलाच्या फुप्फुसाची काळजी असेल, तर जिथे सर्वांत कमी धूर जातो तिथून सुरुवात का?

आग्रही : तेवीस पटींचा आकडा चूक होता आणि तो मागे घेतला गेला, हे चांगलेच झाले. माझी बाजू त्याच्यावर उभी नाही. ८५ ची तुलना तुम्ही म्हणता तशी सरळ करता येत नाही, हेही खरे, पण ७.४ आणि ८५ यांची तुलना तर एकाच मापाची आहे ना? तेवढी मला पुरते. आणि मोठा हिशेबही समोर आहे. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासाने २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुराने सुमारे सहा लाख माणसे दगावल्याचा अंदाज दिला. त्यांतली १ लाख ६५ हजार मुले होती, बहुतेक गरीब देशांतली, आणि मृत्यूचे मुख्य कारण श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा संसर्ग, म्हणजे न्यूमोनियासारखे आजार. हा धूर मुख्यतः घरातला होता, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण घर आणि गाडी यांत एक फरक आहे. घरात मूल उठून अंगणात जाऊ शकते, आई त्याला घेऊन ओट्यावर बसू शकते. चालत्या गाडीत त्याला जायला जागा नाही, आणि थांबा म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. दुसरा फरक कायद्याचा. घराच्या आत सरकार फारसे कधी गेलेले नाही. गाडीत ते कधीच जाऊन बसले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालचे मूल पट्टा न लावता किंवा मुलांसाठीच्या आसनाशिवाय नेले, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. ती गाडीही खासगीच, मूलही त्याचेच. अपघाताच्या आघातापासून त्या मुलाला वाचवायला सरकार गाडीत शिरते हे आपल्याला चालते, मग धुरापासून वाचवायला शिरले तर ते घुसखोरी कशी?

साशंक : पट्ट्याची आणि सिगारेटची बरोबरी मी करणार नाही. पट्टा लावायला सांगणे म्हणजे एखादी गोष्ट करायला सांगणे; सिगारेटबंदी म्हणजे माणसाच्या अंगवळणी पडलेल्या, कायद्याने विकत मिळणाऱ्या, ज्यावर सरकार स्वतः भरघोस कर घेते अशा वस्तूच्या वापरावर त्याच्याच मालकीच्या जागेत पोलीस बसवणे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या हक्काला हात घालायचा तर हेतू योग्य हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. उपाय प्रमाणात आहे का, हे कोण तपासणार? आणि खासगी गाडी ही जागा सार्वजनिक की खासगी, यावर न्यायालयेही एका सुरात बोललेली नाहीत. बिहारच्या दारूबंदी कायद्याखालच्या खटल्यात जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक जागेत धरली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र खासगी वाहन सार्वजनिक जागा ठरत नाही असे सांगितले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने गाडीत एकट्याने बसलेल्या माणसालाही मास्क सक्तीचा ठरवला. ज्या जागेचे रूप कायद्यागणिक बदलते, तिथे सामान्य माणसाने आपला हक्क कुठे संपतो हे कसे ओळखायचे?

आग्रही : म्हणूनच तर स्पष्ट तरतूद हवी. आज काय अवस्था आहे ती पाहा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करते, आणि त्या ठिकाणांत सार्वजनिक वाहने धरलेली आहेत. या कायद्यामागे मुरली देवरांच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २ नोव्हेंबर २००१ चा आदेश आहे. न ओढणाऱ्याला धूर घ्यायला लावणे हे त्याच्या जगण्याच्या हक्कावरचे आक्रमण आहे, हा त्या आदेशाचा गाभा. आता कोपरगावहून नगरला येणारी दोन कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. एक काळी-पिवळी जीपमधून येते, दुसरे स्वतःच्या जीपमधून. दोन्ही गाड्यांत दोन वर्षांचे मूल आहे आणि दोन्हीकडे कोणीतरी सिगारेट पेटवली. पहिल्या मुलाच्या बाजूने कायदा उभा आहे, दोनशे रुपयांचा का होईना. दुसऱ्याच्या बाजूने कोणी नाही. नंबर पाटी पिवळी की पांढरी, यावरून मुलाच्या फुप्फुसाची किंमत ठरते. आणखी एक विसंगती सांगतो. बाल न्याय कायदा, २०१५, त्याचे कलम ७७ : मुलाला तंबाखूचा पदार्थ दिला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाच्या हातात सिगारेट देणे एवढा मोठा गुन्हा, आणि बंद गाडीत तीच सिगारेट स्वतः ओढून तिचा धूर त्याला देणे हा गुन्हाच नाही. ही दोन कृत्ये सारखी आहेत असे मी म्हणत नाही. पण सात वर्षे आणि शून्य, एवढे अंतर त्यांच्यात नक्की नाही.

साशंक : कागदावर तुम्ही जिंकलात असे धरू. आता रस्त्यावर या. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली, दरवर्षी ती वाढवली जाते, आणि आज कुठल्या गावात गुटखा मिळत नाही ते दाखवा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. टपरीवर जाऊन एक सिगारेट मागा, मिळेल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा नियम तर वीस वर्षांचा जुना. न पाळल्या जाणाऱ्या कायद्यांनी नुसते काम अडत नाही, त्यांतून एक वेगळी यंत्रणा उभी राहते : हप्त्याची, चिरीमिरीची, पावती फाडू की असंच सोडू या बोलण्याची. तुमच्या कायद्याने त्या यंत्रणेला आणखी एक कलम मिळेल. नाक्यावर उभा असलेला शिपाई कोणाला थांबवेल, हे तुम्हीही जाणता. भाजीपाला पोहोचवून परत निघालेला, शेजारी पोराला बसवलेला टेम्पोवाला थांबेल. काचा वर करून जाणारी मोठी गाडी थांबणार नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून हा कायदा आहे, दंड पन्नास पौंड. तिथल्या पोलिसांनीही हातावर मोजण्याइतकेच दंड केले. जिथे पोलीस यंत्रणा आपल्याहून धड आहे तिथे ही गत, तर इथे काय?

आग्रही : इंग्लंडचे उदाहरण तुम्हीच काढलेत, तर ते शेवटपर्यंत नेऊ. दंड फारसे झाले नाहीत हे खरे. पण एका अभ्यासात मुलांना विचारले तेव्हा काय दिसले? तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांत गाडीत नेहमी धूर सोसावा लागतो म्हणणारी २०१४ मध्ये ५.९ टक्के होती. कायद्यानंतर २०१६ मध्ये ती १.६ टक्क्यांवर आली. शिपायाने पावती न फाडता हे घडले. म्हणजे कायद्याचे काम दंडाच्या पुस्तकाबाहेरही चालते, आणि ते कसे चालते हेच या वादात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या घरांत थोरल्याला बोलता येत नाही. चुलत सासरे पुढच्या सीटवर बसून सिगारेट पेटवतात, मागे सून सहा महिन्यांच्या बाळाला पदराखाली घेऊन बसलेली असते. तिला धूर कळतो, बाळाचा खोकला कळतो, सगळे कळते. तिच्याकडे बोलायला वाक्य नसते. ‘मामंजी, ओढू नका’ म्हटले तर तो उद्धटपणा, माहेरच्यांचा उद्धार, आठवडाभराचा अबोला. ‘मामंजी, पुढे नाक्यावर पोलीस आहेत, हल्ली लेकरू गाडीत असलं की दंड करतात’, हे ती म्हणू शकते. यात अपमान कोणाचाच नाही. कायद्याने तिला एक तिसरा माणूस दिला, ज्याच्या नावावर तिला आपल्या बाळाची बाजू मांडता येते. हीच गोष्ट एसटीत झाली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी आपल्या नगरहूनच पुण्याला सुटली. त्यानंतर कित्येक वर्षे एसटीत विडीचा धूर ही रोजची गोष्ट होती. आज कोणी पेटवली तर शेजारचा परका माणूसही हटकतो. कंडक्टरने सगळ्यांना दंड केला म्हणून हे झाले नाही. हटकणाऱ्याला हटकण्याचा हक्क मिळाला म्हणून झाले.

साशंक : सुनेचे तुम्ही म्हणता ते मनाला लागते, आणि ते मी टाळणार नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तुम्ही सांगितला नाहीत. स्कॉटलंडमध्ये हा कायदा २०१६ च्या डिसेंबरात आला. त्याआधीच, कायदा नसताना, तिथले प्रमाण २०१२ मध्ये ३.४ टक्के, २०१४ मध्ये २.२ आणि २०१६ मध्ये १.३ असे उतरत आले होते. आणि स्कॉटलंडने २०१४ साली एक मोहीम चालवली होती : ओढायचे असेल तर घराबाहेर जाऊन ओढा, दारात किंवा खिडकीत नाही, पार बाहेर. त्यात दंड नव्हता, फक्त सांगणे होते. त्या मोहिमेनंतर पाच वर्षांखालच्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण घटल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले. म्हणजे समजावून सांगण्यानेही होते, आणि तेही घराच्या आत होते, जिथे तुमचा कायदा जाऊ शकत नाही. आपल्याच जिल्ह्यात याहून मोठे दाखले आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे आणि गावच्या तरुणांनी तंबाखू, विडी, सिगारेट गावातून हद्दपार केली. तिथल्या दुकानांत ती विकली जात नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाच्या विकासाची सूत्रे ठरवली, त्यांत नशाबंदी होती. हे मुंबईत कलम मंजूर करून झाले नाही. माणसे एकमेकांना ओळखत होती, ग्रामसभेत समोरासमोर बोलली, म्हणून झाले.

आग्रही : राळेगणचा दाखला मला तुमच्याइतकाच प्रिय आहे, पण तो नुसत्या समजावण्याचा दाखला नाही. तिथे तरुण मंडळाने दुकाने धुंडाळून सगळा माल बाहेर काढला आणि होळीत जाळला. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधल्याचेही सांगितले जाते, आणि त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. म्हणजे तिथेही सक्ती होतीच, फक्त ती गावाची होती, सरकारची नव्हती. गावाची सक्ती मला अधिक सुरक्षित वाटत नाही. तिच्याविरुद्ध अपील कुठे करायचे? दोनशे रुपयांची पावती खांबाला बांधण्यापेक्षा कितीतरी सौम्य आणि सभ्य आहे. शिवाय ग्रामसभेचा शब्द शिवेपर्यंत चालतो. गाडी तर शीव ओलांडण्यासाठीच असते. नगर-मनमाड रस्त्यावर कोणत्या ग्रामसभेचा ठराव दाखवायचा? स्कॉटलंडचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. तिथले आकडे आधीच उतरत होते, हे खरे. पण इंग्लंडमध्ये २०१२ ते २०१४ फक्त ६.३ वरून ५.९ एवढीच हालचाल होती आणि कायदा आल्यावर एकदम घसरण झाली, हेही तितकेच खरे. मोहीम आणि कायदा यांत एक निवडा, असे कोणी सांगितले आहे? स्कॉटलंडने आधी मोहीम केली आणि मग कायदाही केला. आपल्याकडे आशा कार्यकर्ती घरोघरी जाते, लसीकरणाच्या दिवशी आया मुलांना घेऊन अंगणवाडीत जमतात. तिथे सांगायचे काय, तर ‘धूर वाईट’ एवढेच नाही. ‘बाळ गाडीत असताना धूर चालत नाही, सरकारनेच मनाई केली आहे’, हे वाक्य जास्त दूर जाते.

साशंक : मग आता मसुदाच लिहायला घेऊ, कारण खरा तिढा तिथे आहे. इंग्लंडच्या कायद्यात ओढणारा दोषी आहेच, शिवाय त्याला न अडवणारा चालकही दोषी आहे. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणले तर काय होईल? आपल्या रस्त्यांवर मुलांना नेणाऱ्या पुष्कळ गाड्या पगारी चालक चालवतात. शिर्डीच्या प्रवाशांना घेऊन निघालेला भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, साहेबांच्या घरचा ड्रायव्हर, कारखान्याच्या संचालकांच्या गाडीवरचा ड्रायव्हर. मागे मालक सिगारेट पेटवतो, शेजारी मालकाचा नातू आहे. ड्रायव्हरने काय करायचे? तुम्ही सुनेला वाक्य दिलेत, ड्रायव्हरला गुन्हा दिलात. आणि खालच्या माणसाचाच विचार करायचा, तर संगमनेरच्या विडी कामगार बायकांकडे पाहा. निपाणीची तंबाखू, विदर्भाकडचा तेंदूपत्ता, आणि सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई. तंबाखूची भुकटी तिच्या घरात उडते, तिचे मूल त्या भुकटीतच रांगते. तिच्यासाठी १९६६ साली विडी कामगार कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला, म्हणजे तिचे काम चालू राहावे अशी सरकारचीच व्यवस्था आहे. ती मजुरीवर जगते, आणि तिने वळलेली विडी ओढणारा माणूस दंडाला पात्र ठरतो. तिच्या मुलाच्या श्वासाबद्दल तुमच्या मसुद्यात एक ओळ तरी आहे का?

आग्रही : ड्रायव्हरबद्दल तुम्ही म्हणता ते मी पूर्ण स्वीकारतो. मसुद्यात पगारी चालकावर जबाबदारी टाकायचीच नाही. ओढणारा आणि गाडीत बसलेला मालक, एवढेच. कोणाचे वय किती, हे रस्त्यावर तपासण्याची कटकटही टाळता येते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसे राहतात त्या मॉरिशसने २००८ च्या नियमांत खासगी गाडीत दुसरा प्रवासी असला की धूम्रपानाला मनाई केली. मूल की मोठा हा प्रश्नच ठेवला नाही. मला तेच जास्त सरळ वाटते. गरोदर बाई, दम्याचा म्हातारा, बोलू न शकणारा ड्रायव्हर, सगळे त्यात येतात. दंडही पैशाऐवजी पहिल्या वेळी लेखी ताकीद असा ठेवता येईल, म्हणजे नाक्यावरची देवघेव कमी होईल. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाबद्दल मात्र माझ्या मसुद्यात ओळ नाही, आणि ती या मसुद्यात बसवून खोटे समाधान मी करून घेणार नाही. तिला दुसरे काम मिळेपर्यंत तिच्या घरातली तंबाखू कोणत्याही कलमाने हलणार नाही. पण तिचा प्रश्न सुटत नाही म्हणून गाडीतल्या मुलाने थांबायचे, हे मला पटत नाही.

साशंक : तिथेच आपण वेगळे होतो. तुम्ही ड्रायव्हरला वगळलेत, वय काढलेत, दंडाऐवजी ताकीद घातलीत. मसुदा चांगला झाला, आणि त्याला माझा विरोध आता फार उरला नाही. पण तुमचा मूळ मुद्दा होता की मुलाला नकार देता येत नाही, उठून जाता येत नाही. तो खरा असेल तर तो गाडीच्या दाराशी संपत नाही. दोन खोल्यांच्या घरात जुलैच्या पावसात रात्री दहा वाजता तान्हे मूल कोणत्या अंगणात जाणार? तिथल्या सुनेला तुम्ही कोणते वाक्य देणार? पोलीस नाक्यावर असतात, माजघरात नसतात. आणि घरात कायदा नको असे तुम्ही म्हणालात, तर तुमचा आधार मुलाचा हक्क नाही, रस्त्यावर सरकारची सत्ता आधीपासून आहे एवढाच आहे. मग मुलाच्या नावाने बोलू नका, रस्त्याच्या नावाने बोला.

आग्रही : मुलाच्या नावानेच बोलतो आहे. हक्क मुलाचाच आहे आणि तो घरातही तेवढाच आहे. पण तो बजावण्याची साधने दोन ठिकाणी सारखी नाहीत. घरात पोलीस पाठवला तर धूर थांबण्याआधी ज्या बाईने तक्रार केली तिचेच हाल होतील, हे मी डोळ्यांआड करू शकत नाही. म्हणून घराच्या उंबरठ्याशी मी अडखळतो. तुम्हीही अडखळता, नाहीतर घरासाठी कायदा तुम्हीच मागितला असता. मला अडखळण्याआधीची जेवढी वाट मोकळी आहे तेवढी चालायची आहे.

साशंक : आणि मला भीती आहे की तेवढी चालून झाली की सगळे तिथेच थांबतील. गुटख्याचे तेच झाले. बंदीची अधिसूचना दरवर्षी निघते, आणि ती निघाली म्हणून पुढचे काम झाल्यासारखे वाटते. तुमच्या मसुद्यात गाडीसाठी कलमे आहेत. घरासाठी त्यात काय लिहाल? आशा कार्यकर्तीला या कामाचे वेगळे मानधन, अंगणवाडीत दर महिन्याला हा विषय, विडी कामगार बायकांना दुसरे काम देण्याची मुदत आणि त्यासाठी ठेवलेली रक्कम : यातले एक जरी त्याच कायद्यात, त्याच तारखेला बांधून घेतले जाणार असेल, तर मी सही करायला तयार आहे. नुसत्या गाडीच्या कायद्यावर नाही.

आग्रही : ते बांधून घेण्यात दहा वर्षे गेली, तर मधल्या दहा वर्षांत मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांना काय सांगायचे? मी आजच्या मसुद्यावर आज सही करीन आणि तुमची मागणी घेऊन उद्या पुन्हा त्याच दारात जाईन.

साशंक : उद्या ते दार उघडेल अशी खात्री तुम्हाला कशावरून आहे, एवढेच सांगा.